काळी जोडी, पांढरी जोडी

माझे कान चांगले आहेत, हे मी स्वतः सांगतोय म्हणून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण मुलुंड पूर्वेला आमच्या निशिगंध सोसायटीत कुणालाही विचारा, 'सबनीसांचा कान कसा आहे?' समोरचा आधी एक सुस्कारा टाकेल आणि मग म्हणेल, 'तयार आहे हो, फारच तयार आहे.' विलेपार्ल्याच्या मैफलीत मागच्या रांगेत बसून तंबोऱ्याची एक तार उतरलेली मी ओळखली होती. तसं मी तिथल्या तिथे उभं राहून सांगितलंही होतं. नंतर आयोजकांनी मला बाजूला घेऊन जे काय सांगितलं तो भाग इथे महत्त्वाचा नाही. तार उतरलेली होती, एवढं खरं.

तर अशा कानांना सकाळी सहाला तोडी लागते. चहाआधी तोडी, मग चहा, मग जग. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हा माझा नेम आहे. गॅलरीत खुर्ची टाकायची, मोबाईल कुंडीत टेकवायचा आणि आवाज पूर्ण सोडायचा. कुंडीत ठेवल्यावर खर्ज चांगला घुमतो. वरच्या मजल्यावरच्या शकुताई वैद्यांना मात्र तो खर्ज पलंगाच्या पायातून वर चढल्यासारखा वाटायचा. 'भावजींच्या फोनमधला तो माणूस रोज पहाटे रडतो का?' असं त्यांनी माझ्या बायकोला, कुंदाला विचारलं. तोडीला रडणं म्हणणाऱ्या बाईशी काय वाद घालायचा? मी घातला, पण थोडाच.

शेवटी कुंदा म्हणाली, "अहो, ती कानात घालायची बोंडं मिळतात ना हल्ली, ती घ्या. तुम्ही सुखी, शकुताई सुखी आणि मी दोघांपेक्षा सुखी."

मला घ्यावी लागली नाहीत. माझ्या वाढदिवसाला ती घरी चालून आली, आणि एक नाही, दोन जोड्या. काळी जोडी आमच्या मुलाने, अनयने, बेंगळुरूहून कुरियरने पाठवली. पांढरी जोडी प्रीतमने स्वतः आणून हातात दिली. दोन्हींना साबणाच्या वडीएवढी गुळगुळीत डबी. बोंडं डबीत ठेवली की चार्ज होतात, बाहेर काढली की गातात. यंत्र छान होतं, तक्रार नाही.

आता हा प्रीतम कोण, ते सांगायला हवं. प्रीतम परब. साकीनाक्याला लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर, राहायला घाटकोपर, मूळ गाव मालवणाकडे, आजोबा गिरणीत होते. आमच्या लेकीला, शर्मिष्ठाला, तो आवडतो. शर्मिष्ठाने एकदा ठरवलं की ठरवलं, हा गुण तिने माझ्याकडून घेतलाय. मुलगा सरळ आहे, कष्टाळू आहे, वडील गेल्यापासून आईला सांभाळतो. मग माझं अडलं कुठे? सांगतो. पहिल्यांदा घरी आला त्या संध्याकाळी मी मुद्दाम मारुबिहाग लावला होता. विलंबित आलापी. खोलीत नुसती मंद समई लावल्यासारखं वातावरण. पोरगा पंधरा मिनिटं हात मांडीवर ठेवून गुपचूप बसला आणि मग अगदी अदबीने म्हणाला,

"काका, हे सुरू कधी होणार?"

कुंदा पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही म्हणजे फार लागलेलं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून शर्मिष्ठाने लग्नाचं विचारलं की मी म्हणायचो, "विचार चालू आहे." चांगला वजनदार शब्द आहे. ऑफिसात ह्याच शब्दावर मी कितीतरी अर्ज झोपवले.

तर दोन जोड्या हातात आल्यावर मी जाहीर केलं, "ह्या दोन्हींची मी रीतसर तुलना करणार. सूर आणि सुख ह्या दोन कसोट्या. जी सरस ठरेल ती ठेवायची, दुसरी शकुताईंना भेट."

शर्मिष्ठा माझ्या समोर येऊन बसली. ती चिडली की मोठ्याने बोलते, पण त्या दिवशी ती हळू बोलली. "बाबा, तू ह्या बोंडांचा निकाल देशील त्याच दिवशी आमचाही दे. येत्या रविवारी प्रीतमची आई आपल्याकडे येतेय. तुला 'नाही' म्हणायचं असेल तर म्हण, मी रडेन, भांडेन, बघू काय ते. पण लटकवून ठेवू नकोस यार. तो दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि जिन्यात मला विचारतो, आज काका काही बोलतील का? मला बघवत नाही रे."

पण बापाने लगेच विरघळायचं नसतं. मी म्हटलं, "रविवारी दोन्ही निकाल लागतील." आणि कामाला लागलो.

सुखाची कसोटी आधी घेतली. डबीबरोबर तीन मापांच्या रबरी टोप्या येतात. लहान, मधली, मोठी. आपल्या कानाला बसेल ती चढवायची. मी मधली चढवली. उजव्या कानात बसली, डाव्यातून टपकन खाली. मोठी चढवली. डाव्यात बसली, उजव्यात शिरेना. तेव्हा उलगडा झाला की माझे दोन कान दोन मापांचे आहेत! ज्या कानांच्या जिवावर मी आयुष्यभर लोकांचे सूर काढले, ते एका जोडीचेच नव्हते. मी आरशासमोर बराच वेळ उभा होतो.

"मला लग्नापासून माहितीये," कुंदा म्हणाली. "मुंडावळ्या एका बाजूला घसरत होत्या तुमच्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, त्यात काय सांगायचं? एक कान थोडा ऐसपैस आहे, एवढंच."

ते ऐसपैस प्रकरण मला भोवलं. पांढरी जोडी घालून मी मुलुंडच्या बाजारात भाजी आणायला गेलो. चालताना कशी बसते हे बघायला नको? लसणीच्या ढिगावर वाकलो आणि डाव्या कानातलं बोंड सुटलं ते थेट ढिगात. पांढरी लसूण, पांढरं बोंड. वरवर बघून काही दिसेना. पण गंमत अशी की ते बोंड गात होतं. तेव्हा मी जे केलं ते कुठल्याही जाणत्या माणसाने केलं असतं. उजव्या कानातलं काढून खिशात टाकलं, डोळे मिटले आणि कान लसणीच्या ढिगाला लावून तोडी कुठून येतेय त्याचा माग काढायला लागलो.

लसूणवालीने आधी मला हाक मारली. मग शेजारच्या कांदेवाल्याला हाक मारली. मग चारजण जमले.

"काका, काय बोलतेय लसूण?"

"शू! इथे मंद्र सप्तक आहे, जरा गप्प राहा," मी म्हणालो.

कोपऱ्यातल्या एका गड्ड्याखाली बोंड सापडलं. केवळ कानावर शोधून काढलं मी ते. तुमच्यातल्या किती जणांना जमेल? पण त्या बाईने सगळा विस्कटलेला ढीग माझ्याच पिशवीत लोटला. "काका, आता एवढं बोलणं झालंय तिच्याशी, घेऊनच जा," म्हणाली. मी घरी पोचायच्या आत शकुताई आमच्याकडे पोचल्या होत्या. भावजी बाजारात लसणीशी बोलतात, डॉक्टरला दाखवा, असं सांगून चहा घेऊन गेल्यासुद्धा. आणि पांढऱ्या बोंडाला लसणीचा वास लागला तो लागलाच. सुखाच्या कसोटीत मी पांढरीचे गुण कापले. पक्षपात नाही. काळीतून लसणीचा वास येत नव्हता, एवढंच.

मग काळीची पाळी. काळीत एक कळ आहे. ती दाबली की बाहेरचे सगळे आवाज बंद. रिक्षा नाही, कबुतर नाही, शकुताई नाही. मला वाटलं, हाच तो मोक्ष. कुंदा देवळात जाताना म्हणाली होती, तीन शिट्या झाल्या की कुकर बंद करा. मी मान हलवली होती. ती परत आली तेव्हा जिन्यात धूर होता, दारात शकुताई पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या आणि मी गॅलरीत डोळे मिटून द्रुत बंदिशीच्या तिहाईवर हात उडवत होतो. डाळीचा कोळसा झाला होता. कुंदाने माझ्या कानातलं एक बोंड उपटलं आणि त्या मोकळ्या कानात जे ऐकवलं, ते द्रुतपेक्षा द्रुत होतं.

इथवर ठीक. घरातली गोष्ट घरात राहिली. पण आमच्या सोसायटीची वार्षिक सभा त्याच आठवड्यात निघाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वर एक पंखा, समोर सेक्रेटरी प्रबुद्ध गांगल. तरुण आहे, हुशार आहे, नियम तोंडपाठ. सभेत पाण्याच्या टाकीवरून पाऊण तास भांडण चालतं हे मला अनुभवाने ठाऊक. म्हटलं, तेवढ्यात काळी जोडी बसून बसून कशी वाटते ते बघू. कळ दाबली. टाकी बंद, तोडी सुरू. विलंबित एकतालाचं आवर्तन म्हणजे लांबलचक प्रवास. बुवा सगळीकडे फिरून, आता हरवले की काय असं वाटायला लावून नेमके समेवर येतात, आणि त्या जागी ज्याची मान हलत नाही तो माणूसच नव्हे. माझी हलली. हात वर गेला. 'वा!' असं मी म्हणालोही असेन.

डोळे उघडले तर सगळी सभा माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. शकुताईंच्या डोळ्यांत तर पाणी. मी बोंडं काढली.

"काका, मानलं तुम्हाला," प्रबुद्ध म्हणाला. "एवढं मोठं मन मी बघितलं नाही. ठराव मंजूर. सकाळी आठच्या आत कुठल्याही घरातून गाण्याचा आवाज बाहेर येता कामा नये. सूचक शकुताई वैद्य, अनुमोदक मधुकर सबनीस."

"मी? अरे, मी समेला दाद दिली!"

"कुठल्या समेला काका? इथे टाकीचा विषय संपून तुमचाच विषय चालला होता."

मी त्याला बाजूला घेऊन ठराव मागे घ्यायचं बोललो. तो म्हणाला, ठराव रद्द करायचा तर पुढच्या सभेची वाट बघावी लागेल. शिवाय अनुमोदकानेच रद्द करायला सांगितलं, तर आधी अनुमोदकाला खुलासा द्यावा लागेल की त्याने अनुमोदन का दिलं होतं. "खुलाशात काय लिहिणार?" त्याने विचारलं. विमा कंपनीत मी लोकांना असेच प्रश्न विचारायचो. आपलीच विद्या आपल्यावर उलटली की कसं वाटतं, ते मला त्या पार्किंगमध्ये कळलं. आता कुंडीतली तोडी कायमची गेली, बोंडांशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे निकाल आणखीच महत्त्वाचा झाला.

सुराच्या कसोटीसाठी मी पद्धत काढली. डोळ्यांवर पट्टी बांधायची, कुंदाने कुठली जोडी घालतेय ते न सांगता घालायची, आणि मी नुसतं ऐकून सांगायचं. कुंदाने जुन्या साडीचा पदर फाडून पट्टी बांधली. शर्मिष्ठा साक्षीला. पहिली जोडी कानात गेली. काय सांगू! तंबोरा असा भरून आला, की माझ्या अंगावर काटा आला.

"हा आमचा अनय!" मी म्हणालो. "काळी. पोराने बापाचा कान ओळखलाय. भारदस्त काम."

दुसरी घातली. बरी होती, पण जरा पत्र्याच्या डब्यात बसून गायल्यासारखं. "आणि ही पांढरी. हेतू चांगला, पण आलापीला ट्युनिंग समजणाऱ्या माणसाची निवड अशीच असणार."

मी पट्टी काढली. माझ्या कानात काळी होती आणि पहिली, पांढरी, कुंदाच्या हातात. शर्मिष्ठा माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"लसणीचा वास नाही का आला?" कुंदाने विचारलं.

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी शांतपणे म्हणालो की ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही. घरातल्या माणसांच्या हातून घेतलेल्या चाचणीत ओढाताण आलीच. पट्टी सैल होती. शिवाय माझे कान दोन मापांचे, हे आता सिद्ध झालेलं आहे. निकालासाठी बाहेरचा कान पाहिजे. कुठली जोडी कुणी दिली हे ज्याला माहीत नाही, असा त्रयस्थ कान.

"मग प्रीतमच्या आईला दे," शर्मिष्ठा पटकन म्हणाली. "त्यांच्या भजनी मंडळात त्या पेटी वाजवतात. कुठली कुणाची ते मी त्यांना सांगत नाही, आई शप्पथ."

"पेटी वाजवतात? मग मुलगा असा कसा?"

"बाबा!"

अशा रीतीने दोन्ही जोड्या शर्मिष्ठाच्या पर्समधून घाटकोपरला गेल्या. विमलाबाई परब ह्यांना मी तोवर पाहिलेलं नव्हतं. पेटी वाजवणारी बाई आहे, तेव्हा काही नाही तरी सूर कळत असणार, एवढा विश्वास होता.

दोन दिवसांनी प्रीतमने ऑफिसमधून येताना शर्मिष्ठाजवळ एक घडी घातलेला हातरुमाल दिला. त्यात चार बोंडं, दोन काळी, दोन पांढरी, पुसून लख्ख केलेली. मी कानात घातली. काळी मुकी. पांढरीही मुकी. कळ दाबली, फुंकर मारली, उन्हात ठेवली, तरी हूं की चूं नाही. दोन्ही जोड्या एकाच घरी जाऊन एकाच वेळी गतप्राण! आता हे मी रविवारी कुणाला आणि कसं विचारणार?

"डबीत ठेवल्याशिवाय चार्ज कसे होतील बाबा? डब्या तिकडेच राहिल्यात," शर्मिष्ठा म्हणाली.

पण मला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी अंधेरीला गेलो. तिथे एका मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, बाथरूमच्या शेजारी, असल्या वस्तूंचं दुरुस्ती केंद्र आहे. टोकन घ्या, बसा, टोकन चुकलं, पुन्हा घ्या. काउंटरवरच्या मुलीने बोंडांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर, डबी?"

"डबी नाहीये. नुसती बोंडं तपासा."

"सर, डबीशिवाय सिस्टीममध्ये एंट्री होत नाही. एंट्री नाही तर मी ही वस्तू बघू शकत नाही."

"अहो, तुमच्या समोर आहे ती! बघा ना!"

"बघितली तर एंट्री करावी लागेल सर."

माझा पारा चढला. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "अहो बाई, डब्या आमच्या विहीणबाईंकडे आहेत! त्या रविवारी घेऊन येणार आहेत! तोवर ह्या बोंडांनी काय मरायचं?"

बोलून गेलो आणि थांबलो. बाजूला शर्मिष्ठा उभी होती. तिने काही ऐकलं नाही असं दाखवत छताकडे पाहिलं, पण तिचा चेहरा, काय सांगू, लहानपणी चतुर्थीचा पहिला मोदक ताटात पडला की व्हायचा तसा झाला होता.

"म्हणजे घाटकोपरच्या एका ओळखीच्या बाईंकडे," मी दुरुस्ती केली.

"हो सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "विहीणबाईंना सांगा, बिलाची कॉपीपण आणा."

रविवार उजाडला. कुंदाने बटाटेवडे, खोबऱ्याची चटणी, शिरा असा थाट केला होता. त्या लसणीचं काय करायचं हा प्रश्न चटणीने बराचसा सोडवला. मी धुतलेला झब्बा घालून गंभीर बसलो होतो. दोन्ही निकाल माझ्याकडे होते आणि खरं सांगायचं तर दोन्ही तयार नव्हते. पट्टी बांधून ऐकलेला तो तंबोरा मात्र अधूनमधून कानात वाजत होता.

विमलाबाई आल्या. ठेंगण्या, सावळ्या, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, आणि बसल्यावर दोन बोटं नकळत मांडीवर काळी-पांढरी पट्टी चाचपणारी. मागे प्रीतम, इस्त्रीचा शर्ट. चहा झाला, वडे झाले. मग मी घसा साफ केला.

"विमलाताई, त्या दोन जोड्यांबद्दल तुमचं काय मत?"

"माका काय कळता भाऊ त्यातला?" त्या लाजून हसल्या. "पण तुमी इतक्या विश्वासान पाठवलात, म्हणान मी एका कानात काळा नि एका कानात पांढरा घातलंय. तुलना करूची म्हटल्यार दोनय एकदमच घालूक व्हयी ना?"

"आणि?"

"काळ्यातसून भजान येय होता. पांढरा मुका. पण बरा झाला. त्या कानान मी कुकराच्यो शिटयो मोजलंय."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. ती डाळ पुन्हा एकदा करपली.

"पण एक बोलू?" विमलाबाई म्हणाल्या. "गाणा असा एकट्यान कानात कोंबून ऐकूचा, ह्या माका पटला नाय. बाजूच्याक पण कळाक व्हया ना, आपण कित्याक डोलतंव ता."

हे वाक्य मला त्या सभेच्या आधी कुणी ऐकवलं असतं तर माझं केवढं भलं झालं असतं! मी मान डोलावली. ह्या खेपेला मुद्दाम, ऐकून.

मग त्यांनी पिशवीतून एक रुमाल काढला, सोडला आणि दोन्ही डब्या, काळी आणि पांढरी, दोन्ही हातांनी कुंदाच्या पुढे धरल्या. "ह्यो तुमच्यो डब्यो. यंत्रा आधीच धाडलंय, नि ह्यो इतक्यो सोबीत डब्यो रिकाम्योच परत कशो देवच्यो? आमच्यात देयनत नाय. म्हणान वायच साखर घातलंय."

कुंदाने काळीचं झाकण उघडलं. काठोकाठ साखर. पांढरीचं उघडलं. काठोकाठ साखर, वर केशराची एक काडी. बोंडं जिथे बसून चार्ज होतात त्या दोन खळग्यांत बोटाने दाबदाबून भरलेली. एक मुंगी खळग्यातून वर आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि ती परत आत गेली.

प्रीतमचा चेहरा पांढराफटक. "आई, अगं, त्यात... ते चार्जिंगचं..." शर्मिष्ठाने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. विमलाबाई एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागल्या आणि त्यांचं हसू हळूहळू उतरायला लागलं. सगळ्यांना माहीत होतं, आता सबनीस बोलणार. तंबोऱ्याची तार उतरली तरी उभा राहून बोलणारा माणूस हा. आणि इथे तर दोन अख्ख्या जोड्यांची वाट लागली होती. वॉरंटी, एंट्री, सिस्टीम सगळं माझ्या जिभेवर आलंही होतं.

पण तेवढ्यात कुंदा उठली. आत गेली, चांदीची वाटी घेऊन आली. काळी डबी वाटीत उपडी केली, पांढरी डबी उपडी केली आणि ती वाटी देवापुढे ठेवून हात जोडले. मग वाटी माझ्यासमोर आणून धरली.

"अहो, मुलाच्या घरून साखर आलीये," ती म्हणाली. "आता तुम्ही काय ते बोला."

मुलाच्या घरून पहिल्यांदा साखर येते तेव्हा काय ठरतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्या बाईला डबी रिकामी द्यायची नव्हती, बाकी काही तिच्या मनात नव्हतं. पण साखर आली ती आली. मी त्या वाटीकडे पाहिलं, मग त्या पोराकडे पाहिलं. महिनोन्‌महिने दर वेळी शर्टाला इस्त्री करून तो हात मांडीवर ठेवून गुपचूप बसत होता. माझी आलापी संपायची वाट बघत होता. आणि मी मेला समेवर यायलाच तयार नव्हतो.

मी चिमूटभर साखर तोंडात टाकली. किंचित लसणीचा वास होता, पण गोड होती.

"प्रीतम," मी म्हणालो, "तू मागे विचारलं होतंस, हे सुरू कधी होणार?"

तो दचकून उभाच राहिला. "काका, सॉरी, मी तेव्हा..."

"आज झालं रे. बस खाली. आणि काका नको म्हणूस आता."

पुढचं सगळं एकदम झालं. शर्मिष्ठा माझ्या गळ्यात पडली. विमलाबाईंना आपलं काय चुकलं आणि मग काय बरोबर झालं ह्यातलं काहीही कळलं नाही, पण त्या पदराने डोळे पुसत हसत होत्या. कुंदा शिऱ्यात आणखी तूप सोडायला पळाली. प्रीतमने वाकून नमस्कार केला आणि उठताना माझ्या मोठ्या कानाला त्याचं डोकं लागलं. मी तक्रार केली नाही.

एवढ्यात बेंगळुरूहून अनयचा व्हिडिओ कॉल आला. त्याला बातमी सांगितली, तो ओरडला, "झकास!" मग सगळे एकेक करून स्क्रीनसमोर येऊन गेले. शेवटी फोन माझ्या हातात आला. माझ्या दुसऱ्या हातात शर्मिष्ठाने जुना टूथब्रश दिला होता आणि मी पांढऱ्या डबीच्या खळग्यातली साखर एकेक कण करून काढत होतो. प्रीतम शेजारी बसून काळीवर फुंकर घालत होता. एक मुंगी अजून आतच होती.

"ते सगळं ठीक आहे बाबा," अनय म्हणाला, "पण दोन्हीतली सरस कुठली निघाली? माझी ना?"

मी प्रीतमकडे पाहिलं. त्याने मान खाली घालून आणखी जोरात फुंकर मारली.

"विचार चालू आहे," मी म्हणालो.